खाल्लेलं जिरवायचं नाही: बुलिमिया आणि खाण्याच्या झटक्यांसाठी ताट आणि व्यायामाची १६ आठवड्यांची आखणी

सांगलीच्या आमराईत पहाटे फेऱ्या मारणाऱ्या बायकांच्या तोंडी एक क्रियापद हमखास सापडतं: जिरवणं. काल हळदीकुंकवाला जरा जास्तच झालं, आज दोन फेऱ्या वाढवल्या की जिरेल. साताऱ्यात हेच अजिंक्यताऱ्याच्या चढावर ऐकू येतं. बहुतेकींसाठी ती नुसती बोलायची पद्धत असते. पण बुलिमिया किंवा खाण्याचे झटके असलेल्या बाईचा सगळा आजार या एका शब्दाभोवती फिरत असतो. खाल्लं, ते पुसून टाकायचं, त्यासाठी उपाशी राहायचं, उपासमारीमुळे पुन्हा हात सुटतो, पुन्हा पुसायचं. पुढच्या आखणीत जेवणही आहे आणि व्यायामही आहे. दोन्हींपैकी एकही गोष्ट जिरवण्यासाठी नाही, आणि सगळी मेहनत हे तसंच राहावं यासाठी आहे.

हा मार्ग हवेतला नाही. नॉर्वेत १८ ते ४० वयाच्या, बुलिमिया किंवा बिंज इटिंगचा विकार असलेल्या स्त्रियांच्या गटांवर १६ आठवड्यांचा व्यायाम-आहार कार्यक्रम आणि मानसोपचारातली प्रचलित सीबीटी (थेरपिस्टशी बोलत विचार आणि सवयी बदलण्याची पद्धत) यांची तुलना झाली. दोन्हींचा फायदा जवळपास सारखा निघाला. तिथला व्यायाम आठवड्यातून तीनदा होता: दोनदा वजनाचा आणि एकदा धावण्याचा. म्हणजे मानसोपचार सोडा आणि जिम लावा, असा अर्थ काढू नये. ज्या गावात या आजाराचा थेरपिस्ट मिळत नाही, पण डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि समजूतदार ट्रेनर मिळतो, तिथे काहीतरी ठोस सुरू करता येतं, एवढा अर्थ पुरे.

कुणासाठी, कुणासाठी नाही

झटका म्हणजे दोनेक तासांच्या आत, इतर कुणी एरवी खाईल त्याच्या बरंच पलीकडे खाणं, आणि खाताना हात थांबवता न येणं. असं आठवड्यातून किमान एकदा, सलग ३ महिने होत असेल तर तो विकार समजतात. त्यानंतर उलटी, जुलाबाची औषधं, कडक उपास किंवा बेसुमार व्यायाम होत असेल तर बुलिमिया. यातलं काही नसेल तर बिंज इटिंग. घरात याला ‘भस्म्या’ म्हणायची रीत आहे. तो शब्द पहिल्या दिवशी बंद करावा. शिवीसारखा लागतो आणि बाई लपून खायला लागते.

अनोरेक्सिया, म्हणजे वजन फार उतरलेलं आणि तरी खाणं नाकारणं, हा या आखणीचा रुग्ण नाही. नॉर्वेच्या गटातही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) १७.५ च्या खाली असलेल्या बायका घेतल्या नव्हत्या. तिथे आधी अन्न आणि डॉक्टर, व्यायाम फार नंतर. ज्या बाईच्या पोटात कित्येक दिवस जवळजवळ काहीच गेलेलं नाही, तिला घरीच एकदम भरल्या ताटावर बसवू नये. रक्तातलं फॉस्फेट घसरून हृदयावर बेतू शकतं. तिला दवाखान्यातच खायला सुरुवात करून देतात. इन्सुलिन घेणारी, गरोदर किंवा बाळाला पाजणारी असेल तर सगळं तिच्या डॉक्टरला विचारून.

व्यायामाआधी एक तपासणी चुकवायची नाही. झोपून आणि मग उभं राहून नाडी आणि रक्तदाब, रक्तातलं पोटॅशियम, सोडियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम, साखर, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन आणि ईसीजी. पाळी सहा महिन्यांपासून बंद असेल तर हाडांच्या घनतेची तपासणीही लिहून घ्यावी. सांगलीकरांना हे मिरजेत एका दिवसात उरकतं. आराम करताना नाडी ५० च्या खाली, वरचा रक्तदाब ९० च्या खाली, उभं राहिल्यावर तो २० पेक्षा जास्त उतरणं, पोटॅशियम ३.५ च्या खाली, चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं किंवा धडधडणं: यातलं एकही असेल तर डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत व्यायाम नाही. इथे एक चूक वारंवार होते. नाडी ४६ बघून ट्रेनर खूश होतो, म्हणतो, खेळाडूचं हृदय आहे. उपासमारीनेही नाडी अशीच मंदावते, आणि ते हृदय तयारीचं नसतं, थकलेलं असतं.

उलट्या चालू असतील तर गाल कानाजवळ सुजलेले दिसतात, पुढच्या दातांची आतली बाजू झिजते. उलटी झालीच तर लगेच ब्रश करू नये, आम्लाने मऊ झालेलं दाताचं आवरण घासून निघतं. साध्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकून चूळ भरावी, ब्रश तासाभराने. आणि त्या दिवशी व्यायाम नाही, ठरलेला असला तरी. उलटीमुळे शरीरातलं पोटॅशियम कमी झालेलं असू शकतं.

वजनाचा काटा घरातून हलवावा. लागलंच तर डॉक्टरांकडे, काट्याकडे पाठ करून, आकडा न सांगता.

आधी घड्याळ, मग ताट

पहिले चार आठवडे काय खाल्लं यापेक्षा कधी खाल्लं याला महत्त्व. दिवसात तीन जेवणं आणि दोन-तीन मधली खाणी, दोन खाण्यांत चार तासांपेक्षा जास्त अंतर नाही. भूक लागेल तेव्हा खा, हा सल्ला इथे कामाचा नाही. वर्षानुवर्षं उपास आणि झटक्यांमध्ये हेलकावे खाल्लेल्या पोटाची भूक भरवशाची राहिलेली नसते. ती सकाळी गप्प बसते आणि संध्याकाळी पाचला एकदम अंगावर येते. म्हणून घड्याळ बघून खायचं, भूक असो वा नसो.

महाराष्ट्रात सध्या दिवसातून दोनदाच जेवायच्या पद्धतीचा मोठा बोलबाला आहे. कुणाला ती मानवत असेल. या आजारात ती आगीत तेल आहे. घरातल्या दोघांनी ती पाळली आणि तिसरीने आपलं ताट दुपारी एकला वेगळं वाढून घेतलं, तर तिला ते वाढून घेऊ द्यावं, त्यावर चर्चा नको.

उपाशी पोट डोकं कसं व्यापतं हे १९४४-४५ साली मिनेसोटा विद्यापीठातल्या प्रयोगात दिसलं. ३६ निरोगी तरुण पुरुषांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ते पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, जेवण तासन् तास पुरवून खाऊ लागले, आणि पोटभर खायची मुभा मिळाल्यावर काहींना खाणं थांबवता येईना. त्यांना आधी खाण्याचा कुठलाही विकार नव्हता. हा प्रयोग आई-सासूंना सांगावा. “तिच्या जिभेला लगाम नाही” हे वाक्य त्यानंतर सहसा ऐकू येत नाही.

सुरुवातीचा एक दिवस असा लावता येतो. सकाळी साडेसातला बशीभर पोहे, वर दाणे, आणि कपभर दूध किंवा दोन उकडलेली अंडी. साडेदहा-अकराला केळं आणि मूठभर शेंगदाणे, नाहीतर बेदाणे. सांगलीत बेदाण्याला तोटा नाही. एकला दोन भाकरी, वाटीभर उसळ किंवा घट्ट आमटी, पालेभाजी, मूदभर भात, वाटीभर दही. कोरेगावकडचा वाघा घेवडा मिळत असेल तर त्याची उसळ आठवड्यातून दोनदा करावी, पोटाला चांगली धरून ठेवते. साडेचारला चहा, आणि चहाबरोबर खरोखर खायचं काहीतरी: थालीपीठ, शेंगदाण्याचा लाडू, उपमा. नुसता चहा हे खाणं नव्हे, तो भूक तासभर पुढे ढकलतो, बस. आठला रात्रीचं जेवण, दुपारसारखंच, भाकरी किंवा खपलीची पोळी. झोपायला अकरा वाजत असतील तर दहाला कपभर दूध. हे प्रमाण सुरुवातीचं आहे, ते आहारतज्ज्ञ बाईच्या उंचीप्रमाणे आणि कामाप्रमाणे बदलतील. शेतात खुरपणीला जाणारीला यावर भागणार नाही. कॅलरी मोजायच्या नाहीत. मोबाइलमधलं मोजणारं अ‍ॅप काढून टाकायचं.

साडेचारचं खाणं सगळ्यात जास्त वगळलं जातं आणि त्याचीच किंमत सगळ्यात जास्त मोजावी लागते. झटके बहुतेक संध्याकाळी पाच ते आठ आणि रात्री सगळे झोपल्यावर येतात. दुपारी फक्त काकडी, ताक आणि काळा चहा घेतलेला असतो. पोट भरल्यासारखं वाटतं, पण शरीराला मिळालेलं काहीच नसतं. कोशिंबिरीची मोठी वाटी पहिल्या महिन्यात ताटातून कमी करावी, भात वाढवावा. आहारशास्त्र शिकलेल्या माणसालाही हे उलटं वाटतं, तरी करावं.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दोन गोष्टी बायकांना हमखास घाबरवतात, म्हणून आधीच सांगून ठेवायच्या. एक, पोट फुगणं. कमी खाण्याने आणि उलट्यांनी जठर रिकामं व्हायला वेळ लावतं, त्यामुळे अर्ध्या जेवणातच गच्च वाटतं. नियमित खात राहिलं की काही आठवड्यांत हे ओसरतं. दुसरी, पाय आणि तोंड सुजणं. उलट्या किंवा जुलाबाची औषधं थांबली की शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं. ही चरबी नसते, पाणी असतं. ते आपसूक उतरतं. लघवीच्या गोळ्या घेतल्या की चक्र पुन्हा सुरू. नेमक्या याच दिवसांत “बघ, खाल्लं की फुगते मी” म्हणून बाई सगळं सोडून देते. सूज फार वाढली किंवा दम लागला तर मात्र डॉक्टर. जुलाबाच्या औषधांबद्दल एवढं सांगावं की ती मोठ्या आतड्यावर काम करतात, अन्नातली ऊर्जा त्याच्या आधीच लहान आतड्यात शोषली गेलेली असते. बाहेर पडतं ते पाणी. पोट साफ करायचं चूर्ण रोज घेण्याची सवय असेल तर ते किती आणि केव्हापासून, हे डॉक्टरांना सांगून बंद करावं.

आणि एक नाजूक विषय. कुंजल, वमन, शंखप्रक्षालन या शुद्धिक्रिया आपल्याकडे योगवर्गात आणि पंचकर्मात चालतात. बुलिमिया असलेल्या बाईसाठी त्या पूर्ण बंद. उलटीला प्रतिष्ठेचं नाव मिळालं की ती लपवावीही लागत नाही. योगशिक्षकांनी हे समजून तिला बाकी आसनांत ठेवावं.

नोंदवही साधी दोनशे पानी वही असावी. वेळ, काय खाल्लं, कुठे बसून, सोबत कोण, झटका आला का, उलटी झाली का, मन कसं होतं. खाऊन झाल्याबरोबर लिहायचं. रात्री आठवून लिहिलं की वही न्यायाधीश होते. आठवड्यातून एकदा आहारतज्ज्ञाबरोबर वाचायची आणि शोधायचं ते फक्त अंतर: कुठे पाच-सहा तासांची फट पडली. झटक्याच्या आधी अशी फट बहुतेक वेळा सापडते.

झटका आलाच, तर पुढचं खाणं ठरल्या वेळी. रात्री नऊला कितीही झालं असलं तरी सकाळी साडेसातचे पोहे होणार म्हणजे होणारच. या आखणीत एकच गोष्ट नीट धरता येणार असेल तर ती ही धरावी.

उपास, पेढा आणि उरलेलं

श्रावणी सोमवार, मार्गशीर्षातले गुरुवार, चतुर्थी, एकादशी, हरतालिका, नवरात्र. वर्षभरात उपासाचे दिवस मोजायला बसलं तर आजाराला लपायला जागा किती आहेत ते कळतं. बाई चार दिवस जेवली नाही तरी कुणाला खटकत नाही, उलट कौतुक होतं. १६ आठवडे उपास थांबवावेत. आजारी माणसाला व्रतातून सूट असते हे घरातल्या वडीलधाऱ्यांना माहीत असतं, फक्त हा आजार आहे हे त्यांना पटायला हवं. म्हणून हे डॉक्टरांच्या तोंडून सासूबाईंना ऐकवावं. पूजा, जप, आरती सगळं राहू द्यावं. कुणी ऐकतच नसेल तर निदान निर्जळी नाही, आणि उपासाचं ताट त्याच सहा वेळांना: राजगिऱ्याची लाही आणि दूध, वरी आणि दाण्याची आमटी, रताळं, दही, फळ, बेदाणे. दिवसभर काही नाही आणि रात्री साबुदाण्याची परात, असं होऊ द्यायचं नाही. उपास सोडण्याची रात्र ही झटक्याची ठरलेली रात्र असते.

दुसरी खास आपल्या घरातली गोष्ट: बायकांनी शेवटी जेवणं. सगळ्यांचं आवरून तीनला ओट्यापाशी उभ्याने भांड्यात उरलेली उसळ, पातेल्याला लागलेला भात, मुलाने टाकलेली अर्धी पोळी. हे जेवणात धरलंच जात नाही, आणि झटक्याची सुरुवात बहुतेक वेळा इथूनच होते. उपाय सोपा आहे, अमलात आणणं अवघड: तिचं ताट सगळ्यांच्या ताटाबरोबर वाढायचं, तिने बसून जेवायचं, आणि पातेली दुसऱ्या कुणीतरी झाकून फ्रिजमध्ये ठेवायची. नवऱ्याने ठेवली तर आभाळ कोसळत नाही.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात, घड्याळ बसल्यावर, भीतीच्या पदार्थांना हात घालायचा. वहीत यादी करायची, सगळ्यात सोपा वर आणि सगळ्यात भीतीचा खाली, आणि वरून सुरुवात. समजा कंदी पेढा. दुकानातून अर्धा किलोचा बॉक्स आणायचा नाही, दोनच पेढे पुडीत बांधून आणायचे, एक तिचा, एक सोबतच्या माणसाचा. रात्रीचं जेवण झाल्यावर, पोट भरलेलं असताना, बशीत ठेवून, बसून. बोटांनी मोडला की कडेला खरपूस भाजलेल्या खव्याचे कण सुटतात, तेही खायचे. चार घासांत संपतो. मग अर्धा-पाऊण तास एकत्र काहीतरी करायचं, निवडायला भाजी घेतली तरी चालेल, बाथरूमकडे नजर जाऊ नये म्हणून. अस्वस्थता चढते, टिकते आणि उतरते. तिसऱ्या-चौथ्या वेळी ती लवकर उतरते. भडंगाचं उलटं आहे: ते पिशवीतून खाल्लं की थांबायची खूण उरत नाही. वाटीत काढायचं, पिशवी बांधून ठेवून यायचं, मग बसायचं. रिकाम्या पोटी किंवा एकटीने भीतीचा पदार्थ पहिल्यांदा खाऊ नये. तो फसतो, आणि “मला हे जमतच नाही” हा निष्कर्ष मागे ठेवून जातो.

व्यायाम: जास्तीत जास्त किती

बाकी कुठल्याही व्यायामवर्गात कमीत कमी किती करायचं ते सांगतात. इथे जास्तीत जास्त किती ते ठरवावं लागतं. आठवड्यात दोनदा वजनाचा व्यायाम, पाऊण ते एक तास. सहाव्या आठवड्यापासून एकदा अर्ध्या तासाचा वेगाचा. उरलेले दिवस सुट्टीचे. सुट्टीच्या दिवशी ताट तेवढंच, एक घासही कमी नाही. जी बाई सुट्टीला कासावीस होते, आजारी असताना किंवा पाऊस असताना गुपचूप जिने चढते, यवतेश्वरच्या घाटात दिवसातून दोनदा जाते, दाराआड बैठका काढते, तिचा व्यायाम आजाराचा भाग झालेला आहे. तिच्याबाबतीत पहिलं काम कमी करणं. एकदम बंद केलं तर ती लपवते. आठवड्याला थोडं थोडं उतरवत ठरलेल्या मर्यादेत आणायचं.

वजनाचाच व्यायाम का? कारण इथे मोजायला दुसरी गोष्ट मिळते. किती जळलं याऐवजी किती उचललं. चालण्याच्या यंत्रावर कॅलरीचा आकडा समोर नाचत असतो. डंबेलवर फक्त किलो लिहिलेले असतात, आणि ते न खाता वाढत नाहीत. तालमीच्या या मुलुखात हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. खुराकाशिवाय जोर-बैठका नाहीत, हे इथल्या प्रत्येक घरातल्या आजोबांना ठाऊक आहे. हाडांनाही वजनाने फायदा होतो, आणि पाळी गेलेल्या बायकांची हाडं आधीच कच्ची झालेली असतात.

गट पाच ते आठ जणींचा. वेळ जेवणानंतर दीड-दोन तासांनी, किंवा मधल्या खाण्यानंतर तासाभराने. पहाटे अनशापोटी नाही. उन्हाळ्यात सांगलीत पारा चाळिशीला टेकतो तेव्हा दुपार टाळून संध्याकाळी साडेपाच. हॉलमधले आरसे पडद्याने झाकावेत, ‘आधी आणि नंतर’ची पोस्टर काढावीत, मनगटावरची घड्याळं पिशवीत. जिममालक आरसे झाकायला कुरकुरतात. तसं असेल तर मंगल कार्यालयाचा रिकामा हॉल आणि चार-पाच जोड डंबेल हे जास्त चांगलं.

पाच हालचाली पुरतात. खुर्चीवर बसून उठणं, छातीशी वजन धरून. कमरेतून वाकून जमिनीवरचं वजन उचलणं. पुढे वाकून वजन पोटाकडे ओढणं. ओट्याला किंवा भिंतीला हात टेकून जोर. पाठीवर झोपून कंबर उचलणं. पहिले दोन आठवडे प्रत्येकी दोन सेट, नंतर तीन. एका सेटमध्ये ८ ते १२ वेळा, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. ही दोन मिनिटं बसूनच काढायची, जागच्या जागी धावत नाही. वजन असं निवडायचं की सेट संपताना आणखी दोन-तीन वेळा जमलं असतं असं वाटावं. सलग दोन वर्गांत सगळे सेट १२ वेळा नीट झाले की वजन एक-दोन किलोने वाढवायचं आणि पुन्हा ८ वर यायचं. घरी डंबेल नसेल तर झाकणाच्या कॅनमध्ये पाणी भरावं, एक लिटर म्हणजे एक किलो, हिशेब सोपा.

वाकून उचलणं सगळ्यात जास्त चुकतं, म्हणून त्याला पहिल्या वर्गात वीस मिनिटं द्यावीत. पाठीवर उभी काठी धरायची, एक हात मानेमागे, एक कमरेमागे. काठी डोक्याला, दोन खांद्यांच्या मध्ये आणि माकडहाडाला टेकलेली हवी. आता गुडघे किंचित वाकवून बूड मागे न्यायचं, मागचं दार हात न लावता बुडाने ढकलून लावायचं असल्यासारखं. काठी यातल्या एका जागेवरून सुटली की पाठ वाकली. विहिरीवरून घागर उचललेल्या बायकांना हे पटकन येतं, दिवसभर खुर्चीत काम करणाऱ्यांना वेळ लागतो. श्वास कोंडून उचलू नये. रक्तदाब आधीच कमी असलेल्या बाईला वजन खाली ठेवताना डोळ्यांपुढे अंधारी येते. उचलताना सोडायचा, ठेवताना घ्यायचा. मनगट दुखत असेल तर जोर भिंतीवर.

वेगाचा व्यायाम: दहा मिनिटं चालणं, मग एक मिनिट पळणं किंवा भरभर चालणं आणि दोन मिनिटं रमतगमत, असं सहा वेळा, शेवटी दोन-तीन मिनिटं सावकाश. सपाट मैदानावर, घाटात नाही. एकटीने नाही. सहा झाले की घरी. सातवा ‘बोनस’ नाही.

वर्ग संपल्यावर अर्ध्या तासात सगळ्यांनी तिथेच खायचं. केळं आणि दूध, उकडलेली अंडी, चण्याची उसळ आणि पोळी. ट्रेनरने स्वतःही खायचं. हे खाणं वर्गाचाच भाग आहे, ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी वेळ आधी ठेवावी. खाणं टाळणारीला पुढच्या वर्गात वजन नाही, फक्त ताण काढायचे व्यायाम; शिक्षा म्हणून नाही, पोटात काही नसताना उचलू देणं धोक्याचं म्हणून.

ट्रेनरच्या तोंडी काही शब्द नकोतच: जाळणं, कमावून खाणं, पोट उतरणं, पापक्षालन. पंचकर्मापासून जिमपर्यंत सगळीकडे हा सूर आहे, तो मोडायला जरा वेळ लागतो.

घरच्यांनी, आणि सोळाव्या आठवड्यानंतर

आपल्याकडे “तब्येत सुधारली” म्हणजे लठ्ठ झालीस. “वहिनी, तब्येत सुधारली हं तुमची,” असं लग्नात कुणीतरी म्हणतंच, आणि ते प्रेमाने म्हणतं. तीन आठवड्यांचं काम एका वाक्यात जातं. “किती बारीक झालीस, छान दिसतेस” हेही तितकंच वाईट. घरच्यांनी अंगाबद्दल, दोन्ही दिशांनी, काहीच बोलू नये. बाहेरच्यांसाठी तिच्याकडे एक तयार उत्तर असावं, “बरी आहे, तुम्ही बसा ना,” आणि विषय बदलावा. पंगतीतल्या आग्रहालाही ठरलेलं उत्तर: “वाढलंय तेवढं संपवते.” स्थळ बघायला येणार असलं की पंधरा दिवस आधीपासून ताट आकसायला लागतं, त्या काळात आहारतज्ज्ञाची भेट आठवड्यातून दोनदा.

जेवताना पहारा नको, सोबत हवी. बाथरूमचं दार ठोठावणं, डबे मोजणं, वही चोरून वाचणं यातून फक्त लपवणं वाढतं.

सोळाव्या आठवड्यात झटके पूर्ण थांबलेले असतीलच असं नाही. ते विरळ झाले असतील, ताट वेळेवर होत असेल आणि सुट्टीचा दिवस शांत जात असेल तर भेटी पंधरा दिवसांवर, मग महिन्यावर न्याव्यात. चौथ्या-पाचव्या आठवड्यापर्यंत काहीच हललं नसेल, किंवा मन फार खचलेलं असेल, तर वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञ. औषधांचाही उपयोग होतो, ती घ्यायला लागली म्हणजे हरलो असं नाही. जीव नकोसा झाल्याची भाषा आली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. चक्कर, धडधड, उलटीत रक्त दिसलं तर फोन करत बसू नये, सरळ दवाखाना.

वहीच्या शेवटच्या पानावर तिनेच तिच्या घसरणीच्या खुणा लिहून ठेवायच्या, स्वतःच्या शब्दांत: साडेचारचं खाणं सुटलं, काटा शोधला, फेऱ्या वाढल्या. यातल्या दोन एका आठवड्यात दिसल्या की पुन्हा पहिल्या आठवड्याचं वेळापत्रक, जसंच्या तसं, चौदा दिवस. दिवाळीच्या आधी हे पान एकदा उघडून बघावं. फराळाचे डबे उंच फळीवर न ठेवता डोळ्यांसमोर ठेवावेत, सकाळी पोह्यांबरोबर एक चकली, साडेचारला चहाबरोबर एक लाडू, वाटीत, बसून. लपवलेला डबाच रात्री दोनला उघडला जातो.